स्टॅटिक ग्रासचे हातयंत्र: सोलापूरच्या माळरानावर घेतलेली परीक्षा

स्केल मॉडेलच्या डायोरामावर, म्हणजे छोट्या प्रमाणात उभारलेल्या देखाव्यावर, स्टॅटिक ग्रास म्हणजे विजेच्या भाराने उभे राहणारे नायलॉनच्या तंतूंचे गवत लावण्यासाठी हातात धरायचे, बॅटरीवर चालणारे जे यंत्र मिळते, त्याचे हे परीक्षण आहे. ऑनलाइन बाजारात ही यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जात असली तरी त्यांची बनावट जवळजवळ सारखीच असते. प्लास्टिकचा जाडसर दांडा, त्यात ९ व्होल्टची बॅटरी आणि विजेचा दाब वाढवणारे सर्किट, टोकाला धातूची जाळी बसवलेली वाटी, आणि मागून निघणारी एक वायर, जिच्या टोकाला चिमटा असतो. मी घेतलेले यंत्र याच वर्गातले आहे आणि ते मला साधारण अडीच हजार रुपयांना पडले. खोक्यावरचे चित्र एखाद्या हिरव्यागार, दाट कुरणाचे आहे. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर मात्र वर्षातले बहुतेक महिने पिवळट, तांबूस आणि विरळ गवताचे माळरान असते, ज्यात दोन झुपक्यांच्या मधून मुरूम उघडा दिसतो. असे माळरान या यंत्राने उभे करता येते का, हाच माझ्यासाठी या खरेदीचा खरा प्रश्न होता, आणि पुढचे सगळे लिखाण त्याच प्रश्नाला धरून आहे.

देखाव्यासाठी मी बार्शी लाइट रेल्वेचा एक तुकडा निवडला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे, त्यामुळे जुनी गाडी पाहायची तर ती मॉडेलमध्येच पाहावी लागते. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि एन गेजचा, म्हणजे मॉडेल रेल्वेतल्या एका प्रचलित लहान मापाचा, सर्वत्र मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून मी १:८७ हेच प्रमाण ठरवले. एक काळजी मात्र घ्यावी लागते. साध्या एन गेजच्या रुळाचे स्लीपर नॅरोगेजच्या मानाने फार लहान आणि फार जवळजवळ असतात, त्यामुळे शक्य असल्यास पेकोसारख्या कंपनीचा खास नॅरोगेजसाठी केलेला ९ मिलिमीटरचा रूळ घ्यावा.

प्रमाण ठरले की गवताच्या तंतूंची लांबी आपोआप ठरते, आणि नवख्या माणसाची खरेदी इथेच चुकण्याची शक्यता अधिक असते. तंतू २, ४, ६ आणि १२ मिलिमीटर लांबीत मिळतात. १:८७ मध्ये २ मिलिमीटरचा तंतू म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरचे चरलेले गवत, ४ मिलिमीटरचा म्हणजे ३५ सेंटिमीटरचे, ६ मिलिमीटरचा म्हणजे गुडघ्याला लागणारे ५२ सेंटिमीटरचे, आणि १२ मिलिमीटरचा म्हणजे मीटरभराहून उंच गवत. तेच ६ मिलिमीटरचे गवत १:३५ च्या लष्करी मॉडेलवर लावले तर ते जेमतेम २१ सेंटिमीटरचे ठरते. सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागल्यावर नान्नजचे माळढोक अभयारण्य लागते. तिथल्या माळावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात उभी असलेली कुसळी आणि पवन्या पाहिली, तर ६ मिलिमीटरच्या पुढे जाण्याची गरज क्वचितच पडते, हे लक्षात येते. जिथे शेळ्यामेंढ्या चरून गेल्या आहेत, तिथे २ मिलिमीटर पुरेसे आहे.

यंत्राचे काम समजून घेतले की त्याच्या मर्यादाही कळतात. बटण दाबले की वाटीची जाळी आणि गोंदात टोचलेला खिळा, ज्याला वायरचा चिमटा लावलेला असतो, या दोहोंमध्ये काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. जाळीतून गळणारे नायलॉनचे तंतू भारित होतात, विद्युतक्षेत्राच्या दिशेने सरळ होतात आणि ओल्या गोंदावर टोकाने जाऊन रुततात. म्हणून ते उभे राहतात. हाताने भुरभुरले तर तेच तंतू आडवे पडतात आणि भुशासारखे दिसतात. ओला गोंद इथे विजेचा वाहक म्हणूनही काम करतो, त्यामुळे खिळ्यापासून गोंदाचा थर जिथवर सलग आहे तिथवरच गवत नीट उभे राहते. थर तुटला की पलीकडचे तंतू मरगळतात. माझ्या यंत्राची वायर जेमतेम हातभर असल्याने खिळा वारंवार हलवावा लागला. वायर दुप्पट लांब द्यायला उत्पादकाला फारसा खर्च आला नसता.

आता मुख्य मुद्दा. हे यंत्र स्वभावतः एकसारखा गालिचा तयार करते. बटण दाबून वाटी हलवत गेले की जिथे जिथे गोंद आहे तिथे तिथे सारख्या दाटीने गवत उगवते. कुरणासाठी हे ठीक आहे, पण माळरानासाठी हाच मोठा दोष ठरतो. गवत कुठे उभे राहणार हे यंत्र ठरवत नाही, ते गोंद ठरवतो, आणि हे एकदा लक्षात आले की यंत्राकडून माळरानाचे काम उत्तम करून घेता येते. मी गोंद ब्रशने पसरवणे सोडून दिले आणि झिजलेल्या, ताठ केसांच्या ब्रशने तो टिंबाटिंबांनी लावला. प्रत्येक टिंब म्हणजे एक झुपका. टिंबांमधले अंतर जमिनीच्या चढ-उतारानुसार बदलत ठेवले. उतारावर, जिथे पावसाने माती वाहून जाते, तिथे टिंबे विरळ. खोलगट जागी, शेताच्या बांधालगत आणि रुळाच्या भरावाच्या पायथ्याशी, जिथे माती साचते आणि ओल टिकते, तिथे ती दाट. जनावरांच्या पायवाटेवर गोंदच लावला नाही. टिंबे सुटी असल्यामुळे वीज खिळ्यापासून त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण अर्थातच येते. तिच्यावर उपाय असा की आधी संपूर्ण भागावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा, म्हणजे ओलसर मुरमातूनच वीज वाहते आणि टिंबांवरचे तंतू ताठ उभे राहतात. फवारा जास्त झाला तर गोंद पसरतो आणि टिंबांचे पुन्हा एक डबके होते, त्यामुळे हात आवरून मारावा.

गोंद म्हणून मी नेहमीचा पांढरा फेविकॉलच वापरला. परदेशी कंपन्यांचे स्टॅटिक ग्रासचे खास गोंद मिळतात आणि ते सावकाश सुकतात हा त्यांचा गुण खरा आहे, परंतु फेविकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून तो घट्ट ताकासारखा केला तर तो तितकेच काम देतो. प्रश्न सोलापूरच्या उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी लावलेल्या गोंदावर पाहता पाहता साय धरते, आणि साय धरलेल्या गोंदात तंतू रुतत नाहीत. ते वरवर चिकटतात आणि बोट फिरवताच निघून येतात. शिवाय हवा अतिशय कोरडी असेल तर तंतूंवर विजेचा भार नीट बसत नाही, आणि ते एकमेकांना चिकटून गुठळ्यांनी पडतात. कापडावर मखमलीसारखी लव चढवण्याच्या फ्लॉकिंगच्या धंद्यातही हेच तत्त्व वापरले जाते आणि तिथे हवेत मध्यम आर्द्रता मुद्दाम राखली जाते. घरी तशी सोय नसते. पंखा बंद करून भल्या सकाळी काम करावे आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा, एवढे मात्र करता येते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट त्रास होतो. पाकीट उघडे राहिले तर तंतू दमट होऊन जाळीत अडकतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवणे आवश्यक आहे.

गवताखालच्या जमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विरळ गवताच्या देखाव्यात जमीन झाकली जात नाही आणि ती खोटी असेल तर वरचे सगळे गवत वाया जाते. यंत्रासोबत आलेली रंगवलेल्या भुशाची पूड मी वापरलीच नाही. आपल्याकडचा खरा मुरूम उचलून उन्हात वाळवावा आणि आधी मैद्याच्या चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून गाळून त्याचे दोन-तीन प्रकारचे दाणे वेगळे करावेत. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन तयार झालेल्या या मुरमात तांबूस, पिवळट आणि राखाडी छटा निसर्गानेच मिसळलेल्या असतात, आणि त्या कोणत्याही तयार पाकिटात मिळत नाहीत. रुळाखालच्या खडीसाठी क्रशरची बारीक कच गाळून घेतली. मात्र आपल्या कातळात लोहाचे चुंबकीय कण असतात. मुरूम आणि कच वापरण्यापूर्वी दोन्हींतून चुंबक फिरवलाच पाहिजे. कागदावर कच पसरून, कागदात गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून फिरवला की कागदाला काळ्या बारीक कणांची लव चिकटलेली स्पष्ट दिसते. हे कण रुळावर राहिले तर इंजिनाच्या मोटारीतला चुंबक ते ओढून घेतो आणि मोटार निकामी होऊ शकते. गाडी चालवायची नसेल, नुसता स्थिर देखावा असेल, तर ही पायरी सोडली तरी चालते.

देखाव्याच्या एका कोपऱ्यात रब्बीपूर्वीचे काळ्या मातीचे रान दाखवायचे होते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, हे जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भेगांमधले अंतर मातीच्या थराच्या जाडीवर अवलंबून असते, थर जितका पातळ तितके चौकोन लहान. म्हणून गाळलेली काळी माती नुसत्या पाण्यात कालवून तिचा एक-दीड मिलिमीटरचा थर दिला, की वाळल्यावर तीन-चार मिलिमीटरचे चौकोन उमटतात, आणि १:८७ मध्ये ते फूटभराचे ठरतात. खऱ्या रानातल्या भेगांशी हे प्रमाण छान जुळते. थर देण्याआधी पृष्ठभागावर फेविकॉलचा हात फिरवावा, नाहीतर माती पापुद्र्यासारखी सुटते. वाळल्यावर पाणी मिसळलेला गोंद वरून ओतू नये, कारण माती पुन्हा फुगते आणि भेगा मिटतात. त्याऐवजी लांबून हेअरस्प्रे मारून ती पक्की करावी. दिवाळीत अंगणात किल्ले केलेल्यांना मातीचा हा स्वभाव ओळखीचा असेल, फक्त इथे तो मिलिमीटरच्या हिशेबात सांभाळायचा असतो.

खालचा पाया मी दाट फोमच्या बोर्डाचा केला, त्यावर पीओपीचा पातळ लेप दिला. थर्मोकोलपेक्षा हा बोर्ड कापताना सुरकुतत नाही आणि त्याचे गोळे सुटत नाहीत. त्यावर थेट स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटचा गोंद लावू नये, त्याने बोर्ड विरघळतो.

रंगांच्या बाबतीत यंत्रासोबत मिळालेल्या पाकिटांनी निराशा केली. एकूण पाकिटांपैकी बहुतेक हिरव्याच्या निरनिराळ्या छटांची होती, आणि वाळलेल्या गवताचे म्हणून जे एक पाकीट होते ते भडक पिवळे होते. माळावरची कुसळी पावसाळा सरल्यावर आधी तांबूस होते, मग हळूहळू तिचा पेंढ्यासारखा फिका रंग होतो आणि उन्हाळ्यात ती जवळजवळ राखाडी दिसते. त्यामुळे फिका पेंढ्यासारखा, तांबूस तपकिरी आणि मळकट हिरवा, असे तीनच रंग स्वतंत्रपणे मागवणे अधिक शहाणपणाचे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीच्या देखाव्यासाठी मी सहा भाग फिका, तीन भाग तांबूस आणि एक भाग हिरवा असे मिश्रण केले. हे प्रमाण दृष्टीला पटते, तरी संपूर्ण देखाव्यावर एकच मिश्रण वापरू नये. बांधालगत हिरवा किंचित वाढवावा आणि उतारावर तो काढूनच टाकावा.

स्वस्त नायलॉनचा दुसरा दोष त्याची चकाकी. खिडकीतून ऊन आले की गवत प्लास्टिकचे आहे हे लगेच कळते. यावर मॅट वार्निशचा फवारा हा खात्रीचा उपाय आहे, आणि तो ओला असतानाच मऊ ब्रशने मुरमाची अतिबारीक धूळ झुपक्यांच्या बुडाशी झटकली तर चकाकी जातेच, शिवाय गवत त्या जमिनीतूनच उगवल्यासारखे वाटते. माझ्या मते संपूर्ण देखाव्यातला सर्वांत जास्त फरक या एका कृतीने पडला.

थर देण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. आधी २ मिलिमीटरचे तंतू, ते वाळल्यावर टोकांवर हेअरस्प्रेचा हलका फवारा आणि त्यावर ४ मिलिमीटरचे, आणि शेवटी निवडक झुपक्यांवर ६ मिलिमीटरचे. प्रत्येक थरानंतर सुटे तंतू परत गोळा करता येतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर नायलॉनचा जुना मोजा ताणून बांधला की तंतू मोज्यावर जमतात आणि पुन्हा वापरता येतात. या तंतूंची किंमत पाहता ही बचत किरकोळ नाही. काम करताना नाकातोंडावर मास्क असलाच पाहिजे, हे बारीक तंतू बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

यंत्राच्या ताकदीविषयी बोलायचे तर २ आणि ४ मिलिमीटरच्या तंतूंवर त्याने निर्दोष काम केले. तंतू खाली पडताना नव्हे, अक्षरशः उडी मारताना दिसतात, आणि काही तर गोंदावरून परत उसळून जाळीला चिकटतात. ६ मिलिमीटरला ते किंचित कमी पडते. वाटी पृष्ठभागाच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर धरावी लागते, आणि बॅटरी अर्धी उतरली की तंतू तिरपे उभे राहू लागतात. त्यामुळे लांब तंतूंसाठी नवी बॅटरी घालावी किंवा अ‍ॅडॉप्टर लावावा. १२ मिलिमीटरचे तंतू या यंत्राने बसत नाहीत. सर्वांत मोठ्या छिद्रांची जाळी लावूनही ते वाटीतच गुंततात. ज्यांना १:३५ च्या देखाव्यात गुडघ्याएवढे गवत हवे आहे त्यांनी या किमतीच्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये आणि जास्त दाबाचे मोठे यंत्र घ्यावे.

ज्वारीच्या रानासाठीही यंत्राचा उपयोग नाही. उभ्या ज्वारीची उंची १:८७ मध्ये दोन सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि तिची पाने तंतूंनी दाखवता येत नाहीत. काढणीनंतरची धसकटे मात्र काथ्याच्या दोरीचे तुकडे ओळीने टोचून अतिशय चांगली होतात, कारण काथ्याचा रंग आणि ताठपणा दोन्ही जसेच्या तसे जुळतात. बाभळी, हिवर आणि बोरीची झुडपे वाळक्या बारीक फांद्यांची केली. त्यांच्याविषयी या परीक्षणात अधिक लिहीत नाही.

बांधणीत उणिवा आहेत. वाटीचे झाकण सैल बसते आणि यंत्र उलटे करून हलवताना ते उघडून सगळे तंतू सांडण्याची भीती राहते, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावतो. चिमट्याचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, थोड्याच वापरात सुटला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जवळच्या दुकानात तो लगेच पक्का करून मिळाला, आणि त्याच वेळी मी वायरही लांब करून घेतली. ज्यांच्याकडे डागणी (सोल्डरिंग आयर्न) आहे त्यांना हे काम घरीच करता येईल. बटण सुरू असताना जाळी आणि चिमटा यांना एकत्र स्पर्श झाला तर चांगलाच झटका बसतो. विद्युतप्रवाह अत्यल्प असल्याने तो सर्वसाधारण माणसाला धोकादायक नसतो, पण हृदयात पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र हाताळू नये. बंद केल्यावर चिमटा एकदा जाळीला टेकवून उरलेला भार काढून टाकावा, आणि गवत लावताना इंजिने व इतर इलेक्ट्रॉनिक भाग देखाव्यावरून दूर ठेवावेत.

सोलापुरात स्केल मॉडेलच्या साहित्याला वाहिलेले दुकान माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे यंत्र आणि तंतू ऑनलाइनच मागवावे लागतात. बाकीचे जवळजवळ सारे गावातच मिळते: फेविकॉल व ब्रश स्टेशनरीच्या दुकानात, पीओपी व काथ्या हार्डवेअरमध्ये, आणि मुरूम व काळी माती तर कुठेही. म्हणून तंतूंच्या दहा-बारा रंगांसह येणारा मोठा संच घेऊ नये, नुसते यंत्र आणि वर सांगितलेले तीन रंग २, ४ आणि ६ मिलिमीटरमध्ये घ्यावेत. १:७२ ते १:८७ या प्रमाणांत काम करणाऱ्याला, सैल झाकण आणि तोकडी वायर गृहीत धरूनही, हे यंत्र घेण्याचा सल्ला मी निःशंकपणे देईन. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, काम करणाऱ्यांनी फक्त २ मिलिमीटरचे तंतू घ्यावेत, कारण त्या प्रमाणात ४ मिलिमीटरचे गवतसुद्धा माणसाच्या मांडीपर्यंत पोहोचते.